लपणाऱ्या दोषाचा शोध

प्रस्तावना

घरी अंग तापलेले असते, पण वैद्याच्या दारात पाऊल ठेवताच ताप उतरतो. मग वैद्याला काय सांगावे, असा प्रश्न रुग्णाला पडतो. यंत्रांच्या बाबतीतही असेच घडते. सकाळी अंगणात मुकाट उभी राहिलेली मोटार मिस्त्री आल्याबरोबर पहिल्या प्रयत्नात सुरू होते. दोष नाहीसा झालेला नसतो, तो केवळ लपलेला असतो.

भारतातील अनेक घरांत जुन्या मोटारी आजही वापरात आहेत. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांची ओळख बनलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाल्या. मोटार जुनी झाली म्हणजे तिच्या तारा, जोड आणि स्विच हेही म्हातारे होतात. 'कधी सुरू होते, कधी होत नाही' ही तक्रार बहुधा तेथूनच उद्भवते.

प्रस्तुत पाठ हा माहितीपर लेख आहे. जुन्या मोटारीतील असा अनियमित दोष कसा शोधावा, हे यात सांगितले आहे. परंतु मोटार हे येथे निमित्तही आहे. निरीक्षण, अनुमान आणि पडताळा या मार्गाने विचार कसा करावा आणि तो नेमक्या भाषेत कसा मांडावा, हे आपल्याला या पाठातून शिकायचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

- माहितीपर लेखातील विचारांचा क्रम ओळखता येईल;
- निरीक्षण, अनुमान आणि निष्कर्ष यांतील फरक सांगता येईल;
- मोटार सुरू होण्याची विद्युत-प्रक्रिया स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करता येईल;
- संकेतार्थी वाक्यरचनेचा तर्कासाठी उपयोग करता येईल;
- एखाद्या बिघाडाची मुद्देसूद लेखी नोंद करता येईल.

मूळ पाठ

१. चावी फिरवल्यावर काय घडते?

मोटारीचे इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. त्याला कोणीतरी प्रथम फिरवावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम हाताने, पुढच्या बाजूस लोखंडी हँडल घालून केले जाई. हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचे प्रसंग तेव्हा नवे नव्हते. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेला विजेवर चालणारा 'स्टार्टर' १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसवण्यात आला आणि हे कष्ट संपले. आपल्याकडे मिस्त्री लोक याच स्टार्टरला 'सेल्फ' म्हणतात.

सेल्फ म्हणजे एक लहान पण बलवान विद्युत-मोटर. तिला चालवण्यासाठी विजेचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग जाड तारेचा. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली विद्युतधारा जाड तारेतून सेल्फमध्ये जाते, तेथून इंजिनाच्या धातूत उतरते आणि 'अर्थिंग'च्या पट्टीतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. लहान मोटारीतही या मार्गाने शंभर ते दोनशे अँपिअर इतकी प्रचंड धारा वाहते. एवढी धारा चावीच्या नाजूक स्विचमधून नेता येत नाही. म्हणून दुसरा, बारीक तारेचा मार्ग असतो. चावी फिरवली की या बारीक तारेतून सेल्फवर बसवलेल्या 'सोलेनॉइड' नावाच्या विद्युतचुंबकाला वीज मिळते. तो आतला दांडा ओढून घेतो. त्यामुळे सेल्फचे दातेरी चाक इंजिनाच्या चाकात अडकते आणि जाड मार्गाचा संपर्कही जुळतो.

वाड्याचा दिंडी दरवाजा आणि महाद्वार यांची जोडी येथे आठवावी. दिंडीतून आत गेलेला माणूस महाद्वाराचा अडसर काढतो आणि मग हत्ती आत येतो. बारीक तारेची धारा हा तो माणूस, तर जाड तारेची धारा हा हत्ती. हत्ती आत आला नाही, तर चूक हत्तीची की अडसर काढणाऱ्याची, हे आधी ठरवावे लागते.

२. दिवे लागतात, म्हणजे बॅटरी चांगली का?

"हॉर्न वाजतो, दिवे लागतात, मग बॅटरी आणि तारा ठीकच असणार," असे पुष्कळ लोक म्हणतात. हे अनुमान चुकीचे आहे. का, ते पाहू.

१८२७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने मांडलेला नियम आपण विज्ञानात शिकतो. विद्युतधारा आणि रोध यांचा गुणाकार केला, की त्या रोधावर किती व्होल्ट खर्च होतात ते कळते. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट क्षार साचला असून त्या जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम झाला आहे. छतातील पाच वॅटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर धारा घेतो. त्याच्या बाबतीत हानी ०.४ × ०.०१, म्हणजे ०.००४ व्होल्ट. दिव्याला तिचा पत्ताही लागत नाही. सेल्फ मात्र १५० अँपिअर मागतो. तेथे हानी १५० × ०.०१, म्हणजे १.५ व्होल्ट! इंजिन फिरवण्याच्या ओझ्याखाली बॅटरी आधीच साडेदहा व्होल्टांच्या आसपास उतरलेली असते. त्यातून दीड व्होल्ट जोडातच गेले, तर सेल्फच्या वाट्याला नऊच उरतात.

यावरून एक महत्त्वाचा धडा मिळतो. हलक्या ओझ्याखाली निर्दोष दिसणारा जोड जड ओझ्याखाली सदोष ठरू शकतो. म्हणून तपासणी त्या कामाच्या प्रत्यक्ष ओझ्याखालीच झाली पाहिजे. एका तंतूवर तग धरून असलेली तार मल्टिमीटरवर पूर्ण व्होल्ट दाखवते, कारण मीटर तिच्याकडून जवळजवळ काहीच मागत नाही.

> पाठगत प्रश्न १
> (अ) सेल्फला वीज देण्यासाठी दोन वेगळे मार्ग का असतात?
> (आ) ०.०२ ओहम रोध असलेल्या जोडातून १०० अँपिअर धारा गेल्यास किती व्होल्टांची हानी होईल?
> (इ) योग्य की अयोग्य ते लिहा : हॉर्न वाजला, की टर्मिनलचे जोड निर्दोष असल्याचे सिद्ध होते.

३. मोटार काय बोलते?

सुरू न होणारी मोटारही मुकी नसते. तिचे बोलणे ऐकण्याची सवय मात्र हवी. चावी फिरवताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे : कानाने आवाज ऐकावा आणि डोळ्याने छतातील दिवा पाहावा.

*सलग खडखड.* सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फ धारा मागतो, व्होल्ट कोसळतात, त्यामुळे सोलेनॉइड सुटतो. व्होल्ट पुन्हा वाढतात आणि तो पुन्हा ओढला जातो. हे एका सेकंदात अनेकदा घडते. बॅटरी उतरली असल्याचे किंवा तिचा जोड कच्चा असल्याचे हे लक्षण होय.

*एकच ठसठशीत 'टक्', पण इंजिन स्तब्ध.* दिवा तसाच उजळ राहिला, तर सोलेनॉइडच्या आतील संपर्क जळले असतील किंवा सेल्फमधील 'कार्बन' झिजले असतील. दिवा अगदी मंदावला, तर सेल्फ अडकला असेल किंवा बॅटरी दुर्बळ असेल.

*दिवा पूर्ण विझतो.* अशा वेळी बॅटरीच्या टर्मिनलचे जोड प्रथम पाहावेत.

*आवाज नाही, दिवा उजळ.* मोठी धारा वाहण्यास आरंभच झाला नाही. संशय बारीक तारेच्या मार्गावर जातो.

*इंजिन मंद, कण्हत फिरते आणि क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होते.* इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असते. म्हणून ते आणि मोटारीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली, तर धारा परतीची वाट त्या केबलमधून शोधते.

*इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही.* सेल्फ आपले काम चोख करत आहे. दोष ठिणगीच्या किंवा इंधनाच्या बाजूस शोधावा.

*चावी धरून ठेवली असता इंजिन पेटते, सोडताच बंद पडते.* चावीच्या स्विचला 'सुरू करणे' आणि 'चालू ठेवणे' अशी दोन स्थाने असतात. येथे दुसऱ्या स्थानाचा संपर्क किंवा त्यापुढील जोड संशयित ठरतो.

४. एक उदाहरण

आता एक उदाहरण घेऊ. इंदूरसारख्या शहरात एक बाई डबे पोचवण्याचा गृहोद्योग चालवतात. त्यांच्याकडे सुमारे पंचवीस वर्षांची, कार्बोरेटरची एक लहान मोटार आहे. सकाळी ती निमूटपणे सुरू होते. दुपारी मात्र तिसऱ्या-चौथ्या थांब्यावर कधीकधी हटून बसते. डबे निवतात, गिऱ्हाईक कुरकुरते आणि रस्त्यावरच्या चार जणांना धक्का मारण्यासाठी हाक मारावी लागते. ज्या उद्योगावर घर चालते, त्याचा विश्वासच अशा वेळी पणास लागतो.

पहिल्या मिस्त्रीने बॅटरी बदलली. पुढचे आठ दिवस आभाळ भरलेले होते आणि मोटार बिनतक्रार चालली. नवव्या दिवशी ऊन पडले आणि जुनेच दुखणे परतले. दुसऱ्या मिस्त्रीने सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले. टेबलावर सेल्फ झकास फिरला. मोटारीत बसवल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तेच. साठवलेली शिल्लक खर्च झाली, दोष होता तेथेच राहिला.

यात कोणी लबाडी केली नव्हती. दोघांनीही उत्तर आधी ठरवले आणि प्रश्न नंतर विचारला, एवढेच. शिवाय 'दुरुस्तीनंतर आठ दिवस चालली' हा पुरावाच नव्हता. सरासरी तीन-चार दिवसांतून एकदा दिसणारा दोष गार हवेत आठ दिवस स्वस्थ बसू शकतो.

मग त्या बाईंनी एका वहीत नोंदी ठेवण्यास आरंभ केला :

सोमवार, सकाळी ७.०० – इंजिन थंड. पहिल्या प्रयत्नात सुरू.
सोमवार, दुपारी १२.४० – पंधरा मिनिटे थांबून पुन्हा निघताना बंद. आवाज नाही. दिवा उजळ. ढकलल्यावर लगेच सुरू.
गुरुवार, दुपारी १.०५ – वीस मिनिटे थांबल्यावर बंद. हलकीशी 'टक्'. दिवा उजळ. पाऊण तासाने चावीनेच सुरू.
शनिवार, दिवसभर – आभाळ भरलेले, हवा गार. सहा थांबे. दोष नाही.

दोन आठवड्यांत दोष पाच वेळा दिसला. पाचही वेळा इंजिन तापलेले होते आणि पाचही वेळा दिवा उजळच होता.

५. वहीतून स्विचपर्यंत

ही वही तिसऱ्या मिस्त्रीने शांतपणे वाचली. त्याचा विचार असा होता :

ढकलल्यावर इंजिन लगेच पेटते, अर्थात ठिणगी आणि इंधन ठीक आहेत. बॅटरी किंवा जाड तारेचा मुख्य जोड दुर्बळ असता, तर चावी फिरवताच दिवा मंदावला असता. दिवा मंदावत नाही, म्हणजे मोठी धारा मागितलीच जात नाही. तेव्हा संशयित दोनच उरतात : बारीक तारेचा मार्ग किंवा सोलेनॉइड-सेल्फ यांच्या आतील खंड. या दोहोंत निवड करणारी चाचणी एकच : *दोष प्रकट असताना* बारीक तार सोलेनॉइडला जेथे मिळते तेथील व्होल्ट मोजणे. तेथे बाराच्या आसपास आकडा आला, तर दोष पुढे. फार कमी आला, तर दोष मागे.

त्याने मोटार चालवून तापवली, मुद्दाम पंधरा मिनिटे उभी केली आणि दोष येण्याची वाट पाहिली. तो आला. चावी 'सुरू करणे' या स्थानी धरली असता बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते, पण सोलेनॉइडच्या बारीक टोकाशी केवळ ८.१. वाटेत ४.२ व्होल्ट हरवले होते.

आता वाट अर्धी-अर्धी करत जायचे. चावीच्या स्विचमध्ये वीज शिरते तेथे ११.९ आणि बाहेर पडते तेथे ८.६. म्हणजे स्विचच्या आधी ०.४, स्विचमध्ये ३.३ आणि स्विचच्या पुढे ०.५ व्होल्टांची हानी. चोर सापडला. हजारो वेळा चावी फिरवल्याने स्विचमधील संपर्क जळून खरबरीत झाले होते.

पण एक शंका उरते. स्विच सकाळीही जळलेलाच होता, मग मोटार सकाळी कशी सुरू होत असे? येथे तांब्याचा गुणधर्म उपयोगी पडतो. तापमान दर अंश सेल्सिअसने वाढले, की तांब्याचा रोध सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. धावून आलेल्या इंजिनाजवळ सोलेनॉइडची गुंडाळी ५० अंशांनी तापली, तर तिचा रोध जवळजवळ २० टक्क्यांनी वाढतो. मग तितक्याच व्होल्टांवर कमी धारा वाहते आणि चुंबकाची ओढ घटते. थंड गुंडाळी कमी व्होल्टांतही कसेबसे काम भागवत होती. तापलेली गुंडाळीही, स्विच चांगला असता, काम करून गेली असती. दोन्ही उणिवा एकत्र आल्या, की मोटार हटून बसे. अनियमित दोषामागे पुष्कळदा असेच असते : एकटे पुरे न पडणारे दोन क्षुल्लक दोष एकाच वेळी जुळतात.

मिस्त्रीने स्विचचा आतील संपर्कभाग बदलला आणि सोलेनॉइडला बॅटरीपासून फ्यूजसह नवी तार देऊन मध्ये रिले बसवला, जेणेकरून स्विचवर पुन्हा भार पडू नये. मग त्याच तापलेल्या स्थितीत पुन्हा मोजले. आता बारीक टोकाशी ११.५ व्होल्ट होते. तरीही त्याने "झाले काम" असे म्हटले नाही. "आणखी दोन आठवडे वही लिहा," एवढेच त्याने सांगितले. ऊन तेच, थांबे तेच. पण त्या दोन आठवड्यांत दोष एकदाही दिसला नाही. पूर्वी तितक्याच काळात तो पाच वेळा दिसला होता. आता मात्र पुरावा मिळाला.

> पाठगत प्रश्न २
> (अ) नोंदवहीतील कोणत्या निरीक्षणामुळे बॅटरीवरील संशय दूर झाला?
> (आ) व्होल्ट मोजण्यासाठी मिस्त्रीने दोष येण्याची वाट का पाहिली?
> (इ) मोटार सकाळी सुरू होई आणि दुपारी हटे, याची दोन कारणे कोणती?

६. स्वतः तपासताना

काही तपासण्या कोणालाही करता येतात. रात्रभर विश्रांती घेतलेली चांगली, पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे ती अर्ध्यावर आली. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तसे नसेल, तर अल्टरनेटरकडे पाहावे. डिकीतला पाच वॅटचा दिवा विझायचा राहिला, तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास गळतात. ३५ अँपिअर-तासांची लहान बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत रिकामी होते. 'दोन दिवस उभी राहिली, की सुरू होत नाही' या तक्रारीचे मूळ असे असू शकते.

टर्मिनल स्वच्छ करताना ऋण टोक आधी सोडावे आणि शेवटी जोडावे. अंगठी, कडे, धातूचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीत गंधकाम्ल असते आणि भारित होताना ती ज्वालाग्राही हायड्रोजन सोडते, म्हणून जवळ ठिणगी वा काडी नको. चावी फिरवून चाचणी घेताना गिअर न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक ओढलेला असावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. सेल्फवर हलका ठोका दिला असता तो फिरला, तर कार्बन झिजल्याचा सुगावा लागतो. पण तो सुगावा आहे, उपचार नव्हे.

नव्या मोटारींत संगणकीय नियंत्रण असते. तेथे तारा चाचपण्याचे धाडस न करता जाणकारांकडे जावे. मात्र वही घेऊन जावे. चांगली नोंद ही जाणकारालाही हवीच असते.

चला, समजून घेऊ या

या लेखाची मांडणी लक्षात घ्या. लेखकाने प्रथम यंत्राची रचना सांगितली, मग एक रूढ गैरसमज गणिताने खोडला, त्यानंतर लक्षणे दिली आणि शेवटी एका उदाहरणातून सर्व गोष्टी एकत्र आणल्या. पहिले दोन भाग वाचले नसते, तर ८.१ या आकड्याचा अर्थ आपल्याला कळला नसता.

विचाराच्या तीन पायऱ्याही ओळखा. 'दिवा उजळ आहे' हे निरीक्षण. ते डोळ्यांना दिसते. 'मोठी धारा मागितलीच जात नाही' हे अनुमान. ते निरीक्षणावर आधारलेले असते, पण चुकू शकते. 'स्विचचे संपर्क जळले आहेत' हा निष्कर्ष. तो मोजमापाने पडताळून मग स्वीकारलेला असतो. पहिल्या दोन मिस्त्रींनी निरीक्षणाची पायरी गाळली. 'बॅटरी गेली आहे' हे अनुमान त्यांनी निरीक्षण म्हणून सांगितले, आणि किंमत मालकिणीने मोजली.

भाषाभ्यास

*संकेतार्थ.* 'बॅटरी दुर्बळ असती, तर दिवा मंदावला असता.' या वाक्यात एक गोष्ट घडली असती, तर दुसरी घडली असती, असा संकेत आहे. प्रत्यक्षात दोन्ही घडलेल्या नाहीत. क्रियापदाच्या अशा रूपास *संकेतार्थ* म्हणतात. एखादी शक्यता खोडून काढण्यासाठी हे रूप फार उपयुक्त आहे : अपेक्षित परिणाम दिसला नाही, म्हणून गृहीत धरलेले कारणही नव्हते.

*म्हणी.* चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, अशा वेळी 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण वापरतात. संकट एकीकडे आणि उपाय भलतीकडे, अशा वेळी 'आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी' असे म्हणतात. दोष स्विचमध्ये असताना बॅटरी बदलली, या घटनेला दोन्ही म्हणी लागू पडतात.

*पारिभाषिक शब्द.* विद्युतधारा, रोध, संपर्क, हानी हे शब्द शास्त्रात निश्चित अर्थाने येतात. सेल्फ, कार्बन, अर्थिंग हे कारखान्यातील बोलीत रुळलेले शब्द आहेत. लेखकाने दोन्ही वापरले, कारण वाचकाला पुस्तकही समजले पाहिजे आणि मिस्त्रीशी बोलताही आले पाहिजे.

तुम्ही काय शिकलात

- सेल्फला चालवणारे दोन मार्ग असतात. आधी कोणता मार्ग सदोष आहे ते ठरवावे.
- जोडाची खरी परीक्षा प्रत्यक्ष ओझ्याखालीच होते.
- अनियमित दोष तो प्रकट असतानाच मोजावा.
- काही दिवस दोष न दिसणे हा दुरुस्तीचा पुरेसा पुरावा नाही.
- सुटा भाग बदलण्यापूर्वी कारण सिद्ध करावे.

पाठान्त प्रश्न

१. 'उत्तर आधी ठरवले आणि प्रश्न नंतर विचारला' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.
२. दिंडी दरवाजा आणि महाद्वार या दृष्टान्ताने कोणती गोष्ट समजावली आहे?
३. पुढील वाक्यांत निरीक्षण कोणते व अनुमान कोणते ते सांगा : (क) चावी फिरवल्यावर खडखड आवाज आला. (ख) बॅटरी उतरलेली असावी.
४. संकेतार्थी रूप वापरून वाक्य पूर्ण करा : इंधन संपले असते, तर ढकलल्यावरही ……
५. तुमच्या घरातील पंखा, पंप किंवा शिलाईयंत्र यांपैकी एखादे अधूनमधून बंद पडते, अशी कल्पना करा. त्याच्या चार दिवसांच्या नोंदी दिनांक, वेळ, स्थिती आणि लक्षण या क्रमाने लिहा.
६. 'महागडा सुटा भाग बदलण्यापेक्षा एक वही स्वस्त पडते.' या विधानाबद्दल तुमचे मत १०० शब्दांत मांडा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) सेल्फला लागणारी प्रचंड धारा चावीच्या नाजूक स्विचमधून नेता येत नाही म्हणून. (आ) २ व्होल्ट. (इ) अयोग्य. हॉर्नला सेल्फच्या मानाने फार थोडी धारा लागते.
२. (अ) चावी फिरवतानाही छतातील दिवा उजळच राहिला. (आ) दोष लपलेला असताना मोजमापही निर्दोष दिसले असते. (इ) स्विचचे जळलेले संपर्क आणि तापल्यामुळे वाढलेला गुंडाळीचा रोध.